पंचतारांकित बर्फ

ऑस्ट्रियात किट्झब्यूल नावाचे एक गाव आहे. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी जी मातब्बर गावे जगात नावाजली आहेत, त्यांत त्याची गणना पहिल्या पंक्तीत होते. त्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची आहे ७६२ मीटर. आपले माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे. स्वित्झर्लंडमधले ग्श्टाड, जिथे राजेरजवाडे आणि नटनट्या नाताळ साजरा करतात, ते १,०५० मीटरवर. म्हणजे आपली पाचगणी त्याच्या डोक्यावर दोनशे मीटर उंच बसली आहे. फ्रान्समधले मेजेव १,११३ मीटर. महाबळेश्वरच्या बाजारात चणे खात उभा असलेला माणूस या तिन्ही गावांकडे खाली वाकून पाहू शकेल.

मी छत्तीस वर्षे सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवला. तेव्हा कोणी लगेच उठून 'गुरुजी, अक्षांश विसरलात!' असे म्हणू नये. विसरलो नाही. ती गावे सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश उत्तरेला आहेत म्हणूनच तिथे हिमवर्षाव होतो आणि महाबळेश्वरी फार तर वेण्णा तलावाकाठी पहाटे दवाचे कण गोठतात. शिवाय घसरण्याचे उतार गावापासून वर पुष्कळ उंच चढत जातात, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच, की बर्फ ही उंचीची आणि थंडीची देणगी आहे. हॉटेलच्या पाटीवरील तारकांची नव्हे. हजार मीटर वर गेलात की हवा साडेसहा अंशांनी थंड होते, आणि जगाचे तापमान एका अंशाने चढले की बर्फाची रेषा डोंगरावर सुमारे दीडशे मीटर वर सरकते. हा हिशेब सातवीतला मुलगा करतो. पण लाखो रुपये खिशात घेऊन हिवाळी सुटीचे गाव निवडायला निघालेला सुशिक्षित माणूस तो करीत नाही. तो चादरीचा पोत पाहतो, न्हाणीघरातल्या संगमरवराचे छायाचित्र पाहतो, तिथे पूर्वी कोणकोण उतरले होते ती नामावळी वाचतो आणि पैसे भरून मोकळा होतो.

असा एक माणूस माझ्या घरचाच आहे. लंडनला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माझा भाचा. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्याचा निरोप आला. अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, पंचाहत्तर पुरी होत होती. 'आईने आयुष्यात एकदाच हट्ट धरला आहे, मामा,' तो म्हणाला, 'तिला बर्फ हातात धरून पाहायचा आहे. तुम्हीही चला. आणि गाव कुठले घ्यावे ते तुम्हीच सांगा, तुम्ही भूगोलाचे.' सोबत तीन रंगीत माहितीपुस्तिका. मी दोन रात्री बसून उंची, उताराचे तोंड कुठल्या दिशेला, आगगाडी कुठवर जाते, अशी टिपणे काढून त्याला पाठवली. त्यांवर त्याचे उत्तर आले ते असे : 'मामा, तुमचे सगळे पटले, पण ही जी उंचावरची गावे तुम्ही सांगता त्यांत एकही नाव आमच्या ऑफिसात कोणी ऐकलेले नाही.'

या एका वाक्याशी माझे भांडण आहे. भाच्याशी नाही, त्याचे मीठ मी नऊ दिवस खाल्ले आहे. हा लेख त्याला दाखवूनच छापायला दिला. तो म्हणाला, 'छापा, पण आपण उतरलो त्या गावाचे आणि हॉटेलचे नाव घालू नका, लोक मला हसतील.' म्हणून ते घालीत नाही. पाचगणीहून खालचे होते एवढे सांगतो.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. सुरेख, सातारी पाऊस. डोंगर हिरवेगार. आणि त्या हिरव्या डोंगराच्या पोटावरून, कोणी शस्त्रक्रिया करून पट्टी बांधावी तशी एक पांढरी पट्टी खाली आलेली. त्या पट्टीवर दोनअडीचशे माणसे रंगीबेरंगी कपडे घालून एकामागे एक घसरत होती आणि खाली येऊन पुन्हा रांग धरीत होती. अक्काने पायातल्या चपला-मोज्यांसह काठापर्यंत जाऊन ते पांढरे उचलले, बोटांत चुरले आणि म्हणाली, 'अरे, हा तर गोळेवाल्याचा बर्फ. वर काळाखट्टा घातला की झाले.'

तिचे बरोबर होते. ते हिम नव्हतेच. ते यंत्राने फवारलेले पाणी होते, रात्री हवा गोठण्याच्या खाली उतरली की तोफेसारख्या पंख्यांतून उडवलेले. आल्प्समध्ये आता हाच नियम झाला आहे. इटलीतल्या सुमारे नव्वद टक्के घसरणींना या यंत्रांचा टेकू आहे. ऑस्ट्रियात सत्तर टक्क्यांच्या आसपास, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक. एक हेक्टर उतारावर फूटभर जाडीचा थर द्यायचा तर सुमारे दहा लाख लिटर पाणी लागते. माझी नोकरीची उमेदीची वर्षे माण तालुक्यात गेली. तिथे पाणी लिटरात कोणी मोजत नाही, टँकरमध्ये मोजतात. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे शंभर टँकर झाले, एका हेक्टरला, आणि एका घसरणीला असे कित्येक हेक्टर. यावर तिकडचे लोक म्हणतात की वसंतात ते वितळून ओढ्याला परत मिळतेच. बहुतेक मिळते, कबूल. पण ओढे ज्या हिवाळ्यात सर्वांत क्षीण असतात त्याच हिवाळ्यात ते उपसले जाते, किंवा मग त्यासाठी डोंगरावर आधीच तळी खोदावी लागतात. फ्रान्समधल्या ला क्लुझा गावी २०२२ साली अशाच एका तळ्यासाठी जंगल तोडायचे ठरले, तेव्हा तिथल्या तरुण मंडळींनी जंगलात ठाण मांडले आणि अखेर न्यायालयाने ते काम तात्पुरते थांबवले. त्याच देशात, पिरेनीज पर्वतातल्या लुशाँच्या वरच्या उतारांवर २०२० च्या फेब्रुवारीत हेलिकॉप्टरने पन्नास टन बर्फ वरच्या कड्यावरून उचलून खालच्या घसरणीवर आणून ओतला. पन्नास टन बर्फ, हेलिकॉप्टरने! आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाने हे केले असते तर त्याच्या वेडाच्या कथा आजीने नातवंडांना सांगितल्या असत्या.

बरे, आलिशान हिवाळी सुटी ही कल्पना मुळात आली कुठून? तिच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. सेंट मॉरिट्झला योहानेस बाड्रुट नावाचा एक हॉटेलवाला होता. त्याच्याकडे इंग्रज पाहुणे उन्हाळ्यात येत आणि शरद सरला की धुक्यात परत जात. १८६४ च्या सुमारास त्याने त्यांना पैज घातली : हिवाळ्यात येऊन पाहा, इथे लंडनपेक्षा अधिक लख्ख ऊन मिळाले नाही तर तुमचा जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडे. ते आले, आणि ईस्टरपर्यंत हलले नाहीत. गोष्टीवर वर्षानुवर्षे थोडी कल्हई चढली असेल. पण तिच्यातले दोन मुद्दे पाहा. एक, बाड्रुट बर्फ विकत नव्हता; ऊन विकत होता. आणि दुसरा, माल खोटा निघाला तर पैसे परत देण्याची त्याची तयारी होती. आज आमच्या भाच्याने भरलेल्या पैशांची पावती मी डोळे ताणून वाचली. चार महिने आधी पूर्ण रक्कम, आणि बर्फ पडो न पडो, छदाम परत नाही. बाड्रुटचा धंदा या लोकांनी उचलला आणि त्याची पैज तेवढी टाकून दिली.

त्या काळी डोंगरावर हिवाळा काढणारी दुसरी जात म्हणजे क्षयाचे रोगी. दाव्होसच्या सज्ज्यांमध्ये ते कांबळी गुंडाळून दिवसभर थंड, कोरड्या हवेत पडून राहत. आपल्याकडे मिरजेला पाठवीत तसे युरोप त्यांना दाव्होसला पाठवी. त्याच दाव्होसहून १८९४ च्या मार्चमध्ये शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल दोघा स्थानिक भावांबरोबर पायाला फळ्या बांधून खिंड ओलांडून आरोझाला उतरले आणि त्यांनी त्याची हकीकत लंडनच्या मासिकात लिहिली. तेव्हापासून इंग्रजांना हे वेड लागले. 'स्की' या नॉर्वेतल्या शब्दाचा मूळ अर्थच चिरलेले लाकूड, फळी. नॉर्वेतल्या शेतकऱ्याचे ते साधे वाहन, आपल्या कोकणातल्या होडीसारखे. ते श्रीमंताचे खेळणे कसे झाले यात एक दुवा आपल्या देशातून जातो, हे वाचून मला गंमत वाटली. हेन्री लन नावाचे एक धर्मप्रसारक डॉक्टर मद्रासकडे आले होते. त्यांचा मुलगा अर्नोल्ड १८८८ साली मद्रासलाच जन्मला. बापाने मायदेशी परतून आल्प्सच्या सहली काढल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक क्लब स्थापून अख्खी हॉटेले ठराविक बड्या शाळांतून शिकलेल्यांसाठीच राखून ठेवली. मुलाने १९२२ साली म्युरेन गावी आधुनिक स्लालम शर्यतीचा पाया घातला. म्हणजे बापाने कुंपण घातले आणि मुलाने आत खेळ मांडला. मेजेवची कथाही याच वळणाची. रॉथशिल्ड घराण्यातल्या नोएमीबाईंना पहिल्या महायुद्धाच्या काळात सेंट मॉरिट्झला जर्मन उद्योगपतीचे दर्शन घडले, ते त्यांना सोसले नाही, म्हणून त्यांनी फ्रेंच मातीवर आपले वेगळे गाव वसवायला घेतले, असे सांगतात. १९२१ साली त्यांचे हॉटेल उघडले. गाव निवडण्याची कसोटी पहिल्यापासून बर्फ नव्हती तर. शेजारी कोण बसणार नाही, ही होती.

आणि आता कुर्शव्हेल. माझ्या भाच्याच्या तीन नावांत हे पहिले होते. हे गाव कोणा सरदाराने वसवलेले नाही. १९४६ साली सावोय जिल्ह्याच्या लोकनियुक्त मंडळाने सरकारी पैशाने ते ओसाड कुरणावर उभे केले. त्याचा आराखडा करणारा वास्तुविशारद लोराँ शापी, युद्धकैदी असताना छावणीत बसून डोंगरगावांचा विचार करीत होता. सामान्य माणसाला परवडेल अशी सुटी, हा त्या विचाराचा गाभा. त्या गावी आज काय आहे? विमानतळ आहे, ज्याची धावपट्टी ५३७ मीटर लांब आणि साडेअठरा टक्के चढाची आहे. फ्रान्सला पाच तारेही पुरेनात म्हणून २०१० साली त्यांच्यावर 'पॅलेस' अशी एक पदवी काढण्यात आली; ती मिरवणारी हॉटेले तिथे एकाहून अधिक आहेत. गावाचे नावही मोठे मासलेवाईक होते : 'कुर्शव्हेल १८५०'. ही १८५० म्हणजे मीटरमधली उंची, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात गाव साधारण शंभर मीटर खाली आहे. शेजारच्या स्पर्धक गावाशी बरोबरी करायला आकडा फुगवला होता. २०११ साली खालच्या वस्त्यांच्या नावांतले असे आकडे काढून टाकले. माझ्या वर्गात नकाशावर कोणी शंभर मीटरची चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

याच गावी २० जानेवारी २०१९ रोजी, रविवारी पहाटे, एका इमारतीला आग लागली. हंगामापुरते आलेले कामगार तिथे राहत होते : वाढपी, भांडी घासणारे, खोल्या आवरणाऱ्या मुली. काहींनी खिडक्यांतून बर्फात उड्या टाकल्या. दोघे मेले, वीसहून अधिक जखमी झाले. आग कशी लागली, कोणी लावली, हा पोलिसांचा आणि न्यायालयाचा विषय, त्यावर मी बोलत नाही. मी त्या दिवसापर्यंतच्या माहितीपुस्तिकांविषयी बोलतो आहे. त्यांत उशांचे सात प्रकार दिलेले असतात. पाहुण्याच्या कुत्र्याने कुठे झोपावे याची सोय दिलेली असते. ज्या पोरीने ती उशी झटकायची ती रात्री कुठे झोपते, हे कुठल्याही पानावर नसते. एरवी ते आपल्याला कळतही नाही, खिडकीतून कोणी उडी टाकीपर्यंत.

आमच्या मजल्यावर काम करणारी मुलगी पोर्तुगालची होती. अक्काला इंग्रजी जेमतेम येते, त्या मुलीलाही जेमतेमच. त्यामुळे दोघींचे चांगले जमले. दुसऱ्याच दिवशी अक्काने तिला बसवून चकली खायला लावली. तिसऱ्या दिवशी कळले की गावात तिला भाड्याने खोली परवडत नाही, कारण सगळी घरे सुटीला येणाऱ्यांनी घेऊन ठेवली आहेत आणि वर्षातले दहा महिने ती बंद असतात. म्हणून ती रोज खोऱ्यातून तासभर प्रवास करून येते आणि सहा वाजता कामाला लागते. यात तिच्या हॉटेलचे काही खास पाप आहे असे नाही. झरमॅटला काम करणारे कितीतरी लोक खालच्या टेश गावी राहतात. सेंट मॉरिट्झला रोज इटलीतून सरहद्द ओलांडून कामकरी येतात. चौथ्या दिवसापासून अक्का स्वतःचे अंथरूण स्वतःच घालू लागली. भाच्याला ते लाजिरवाणे वाटले. 'आई, आपण यासाठी पैसे दिले आहेत.' अक्का म्हणाली, 'तू दिलेस. मी नाही.'

आता प्रतिपक्षाचे ऐकतो. पहिला मुद्दा नेहमीचा : पैसा माझा, सुटी माझी, तुमचे काय जाते? माझे काही जात नाही. पण भाऊ, तुझे जाते! तुला बर्फ हवा होता आणि तुला संगमरवर मिळाला. तू फसलास एवढेच मी म्हणतो, आणि फसलेल्या माणसाने 'माझा पैसा' म्हणून ओरडणे हे गोऱ्हा सांगून हेला गळ्यात मारून घेतल्यावर 'पण दावे किती छान आहे' म्हणण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा वजनदार आहे. या गावांत पूर्वी काय होते? बटाटे, बकऱ्या आणि उपासमार. तरुण मुले खोरी सोडून जात होती. हिवाळी पाहुण्यांनी त्यांना घरी ठेवले. हे मी नाकारीत नाही. डोंगरी मुलखाचे दारिद्र्य जावळी-पाटणच्या माणसाला सांगायला नको. झरमॅट पाहावे : रस्त्यावर मोटारींना मज्जाव, आपल्या माथेरानसारखाच, वर जायला १८९८ पासून विजेची आगगाडी, आणि गावकऱ्यांनी बरेचसे आपल्या हातात ठेवलेले. परंतु हा मुद्दा पाहुण्यांच्या बाजूचा आहे, थाटाच्या बाजूचा नाही. गाव तगते ते माणसे येतात म्हणून. खोलीचे भाडे दसपट केले म्हणून नव्हे. उलट भाडे दसपट झाले की गावचाच पोरगा गावात घर घेऊ शकत नाही, हे त्या चकली खाणाऱ्या मुलीला विचारा.

तिसरा मुद्दा देशभक्तांचा : एवढे कशाला, आपले गुलमर्ग काय वाईट आहे? वाईट मुळीच नाही. २,६५० मीटरवरचे पठार, आणि दोन टप्प्यांची पाळणागाडी अफरवटच्या अंगावर जवळजवळ ३,९८० मीटरपर्यंत नेते. युरोपात इतक्या उंचीवर नेणारी सोय शोधावी लागेल. पण स्वदेशी बर्फालाही ताप चढला आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे मैदान उघडे, तपकिरी पडले होते. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. आणि औलीला जायचे तर पायथ्याशी जोशीमठ आहे, जिथे २०२३ च्या जानेवारीत घरांच्या भिंती दुभंगल्या आणि औलीची रज्जुगाडी बंद करावी लागली. तेव्हा तिथेही निवड करताना हॉटेल पाहण्याआधी डोंगर पाहावा लागेल. कायदा सर्वत्र एकच आहे.

तो कायदा किती कडक होत चालला आहे हे २०२३ सालच्या एका संशोधनात आले आहे. युरोपातल्या २,२३४ स्की-ठिकाणांचा त्यांनी हिशेब मांडला. जगाचे तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा दोन अंशांनी चढले, तर यंत्राच्या बर्फाशिवाय त्यांतल्या ५३ टक्के ठिकाणांवर हिमटंचाईचे फार मोठे संकट येईल. दरम्यान २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला दशांश बर्फ गमावला. मी मुलांना शिकवीत असे की हिमनदी इतकी सावकाश बदलते की माणसाच्या आयुष्यात ते जाणवत नाही. ते पुस्तक आता रद्दीत घालावे लागेल. यात विमानाने नऊ जणांचा गोतावळा घेऊन तिथे गेलेल्या माझाही वाटा आहे, तेव्हा फार मोठ्या आवाजात बोलण्याचा हक्क मला नाही. मध्यम आवाजात बोलतो.

आमच्या नऊजणांत बर्फावर घसरणारे किती होते हेही सांगितले पाहिजे. दोन. भाचा आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा. बाकीचे सात जण रोज काचेच्या दिवाणखान्यात बसून त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत चहा पीत होते, आणि त्या चहाचा आकडा पाहून मी पहिल्या दिवसानंतर साखर दुप्पट घालू लागलो. पोर मात्र खूश होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याला ते पाणी तोफेतून आले की आकाशातून याच्याशी कर्तव्य नव्हते. संध्याकाळी गाल लाल करून यायचे आणि 'आजोबा, आज मी पडलो नाही' म्हणून सांगायचे. त्याच्यापुढे माझा सगळा भूगोल गप्प बसे. पण तोच मुलगा, त्याच फळ्यांवर, खोऱ्याच्या टोकाच्या कुठल्याही साध्या गावात तितकाच खूश झाला असता. त्याने एकदाही न्हाणीघराच्या संगमरवराचा उल्लेख केला नाही.

सहाव्या दिवशी मी बंड केले. पहाटे अक्काला उठवले, थर्मासमध्ये चहा भरला, चकल्यांचा डबा घेतला आणि आम्ही दोघे स्टेशनवर गेलो. गाड्या बदलत बदलत लाउटरब्रुनेनला पोचलो. तिथून दातेरी रुळांची एक छोटी आगगाडी १८९३ पासून डोंगर चढते. साधे तिकीट काढायचे आणि बसायचे, आरक्षणाची भानगड नाही. अर्ध्या वाटेपर्यंत बाहेर हिरवे, ओले, उदास. मग एका वळणानंतर झाडांच्या खाली पांढरे ठिपके, मग पांढऱ्या फांद्या, आणि वर क्लाइन शायडेक स्टेशनावर, २,०६१ मीटर उंचीवर, सगळे जग पांढरे. समोर आयगरची काळी भिंत. भोवती जपानी होते, स्विस शेतकऱ्यांची कुटुंबे होती, आणि फलाटाच्या कडेला 'अहो, टोपी घाला' असे ठणठणीत मराठीत सांगणाऱ्या एक बाई होत्या, नागपूरच्या निघाल्या.

अक्का स्टेशनाबाहेरच्या बाकावर बसली. गुडघ्यामुळे पुढे चालणे शक्य नव्हते. तिने हातमोजा काढला आणि बाकाच्या पाठीवरचा बर्फ ओंजळीत घेतला. तो भुसभुशीत होता, फुंकर मारली की उडत होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'वजनच नाही रे याला.' हात लाल झाले तरी तिने तो टाकला नाही. पाणी होऊन मनगटावरून स्वेटरच्या बाहीत गेला तेव्हा कुठे पदराला हात पुसले आणि चहा मागितला. त्या दिवसाचा दोघांचा मिळून खर्च भाच्याने भरलेल्या एका रात्रीच्या भाड्याच्या आसपासही गेला नाही. बाईंनाही चकल्या दिल्या.

रात्री परत आल्यावर भाचा काहीसा रुसलेला होता. मी त्याला ओल्या बाहीची हकीकत सांगितली. तो आईजवळ जाऊन बसला, बाही चाचपून पाहिली, आणि म्हणाला, 'मला का नाही नेलेत?'

यंदा कोजागिरीला त्याचा पुन्हा फोन आला. या खेपेला माहितीपुस्तिका नाहीत. दोन हजार मीटरच्या आसपासचे, त्याच्या ऑफिसात कोणी नाव न ऐकलेले एक गाव त्याने शोधले आहे. गावातल्याच एका म्हाताऱ्या जोडप्याचे घर, वरचा मजला भाड्याने, खाली गोठा. नाताळानंतर जायचे, म्हणजे बर्फ पडायला अवधी मिळेल, हे त्याचे त्यानेच हुडकले. स्वयंपाकघर आहे, फक्त भांडी तिकडची. अक्का दोन दिवस विचार करून म्हणाली, की पोळपाट-लाटणे विमानात हातातल्या पिशवीत चालत नसेल तर मोठ्या बॅगेत घालू, पण ते इथलेच न्यायचे. आणि मला तिने बाजारातून भाजणी दळून आणायला पाठवले आहे.